वांग्याचं पथ्य

मागच्या वर्षी नर्सिंग शिकणाऱ्या मुलींपुढे बोलायला मला बोलावलं. फळ्यावर रंगीत खडूने लिहिलं होतं, ‘प्रभावी संवादकौशल्य’. मी नोकरीत असेपर्यंत हा शब्द कोणी काढला नव्हता. आम्ही नुसतं बोलायचो. ज्या बाईंनी बोलावलं होतं त्या कानाशी येऊन म्हणाल्या, “आजी, अर्धा तास बोला, पण जरा मुद्देसूद.” मी मुद्देसूद बोलू लागले की घरातली माणसं आपापल्या चपला शोधतात, हे त्यांना बिचाऱ्यांना ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, “माझ्याकडे मुद्दा एकच आहे. वांगं.” मुली हसल्या. बाई हसल्या नाहीत.

तिथे मुद्दा निम्मा सांगून झाला आणि चहा आला. इथे चहा माझ्याच हातात आहे, तेव्हा पुरता सांगते.

आमचं गाव चोपडे, नदीच्या काठावर. गोवा मुक्त झाल्यावर गावात मराठी शाळा निघाली, तिच्या पहिल्या पोरांत मी होते. घरी मराठी वर्तमानपत्र यायचं, फेरीबोटीतून, एक दिवस शिळं होऊन. ते मी मोठ्याने वाचायचे, आणि वाचता वाचता माझी अशी समजूत झाली की वर्तमानपत्र बोलतं तसंच शिकलेल्या माणसाने बोलायचं असतं. आई विचारायची, “गो, भात वाडू?” मी म्हणायचे, “किंचित वाढावा.” आई किंचितच वाढायची. मी अर्धपोटी उठायचे, पण शुद्ध उठायचे.

हेच शुद्ध ध्यान पुढे पणजीला शिकून नर्स झालं आणि सर्वणच्या बाजूला एका उपकेंद्रात जाऊन बसलं. दोन खोल्या, एक खाट, एक मेज, सुया उकळायला एक स्टोव्ह. साडीला मी इतकी खळ घालायचे की खाली बसले की कागद चुरगळल्यासारखा आवाज यायचा. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायचे, कारण पणजीच्या मोठ्या नर्सबाई तसं बांधायच्या. पहिल्याच आठवड्यात एका बाळंतिणीला मी सांगितलं, “चौरस आहार घेत जा.” तिची सासू म्हणाली, “म्हणजे भाकरी चौकोनी थापूची काय गो बाय?” मी तिला समजावत बसले, की चौरस म्हणजे चौकोनी नव्हे. केवढं हे अज्ञान, असं मनात म्हणत घरी आले. ती म्हातारी माझी फिरकी घेत होती, हे माझ्या लक्षात यायला मला स्वतःला सासू व्हावं लागलं.

अशा दिवसांत ड्रायव्हरमामांची केस माझ्याकडे आली. सगळे त्यांना ड्रायव्हर म्हणायचे, मी मामा म्हणायचे. माणूस मूळचा पलीकडचा, सावंतवाडीच्या बाजूचा. खाणीवर ट्रक चालवायचा आणि बायकोसह सर्वणात भाड्याच्या घरात राहायचा. चाळिशीचा असेल. खोकला बरेच दिवस होता, पण खाणीवर कोण खोकत नाही. लाल धूळ आहे म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. मग थुंकीत रक्त आलं. डिचोलीच्या डॉक्टरांनी तपासलं आणि क्षय निघाला.

डॉक्टर कमी बोलणारे. मला म्हणाले, “रोज सकाळी इंजेक्शन, ते तू घरी जाऊन दे. गोळ्या वर्षभर, वर थोड्या जास्तच. बिडी बंद. आणि खाणं पोटभर, अंगात काही राहिलेलं नाही त्याच्या. हे सगळं केलं तर माणूस टुणटुणीत होईल. मध्येच सोडलं तर मात्र हातचा जाईल. घरच्यांना नीट समजाव.”

नीट समजावणे हा तर माझा हातखंडा. मी त्याच दिवशी गेले. मामा ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. त्यांची बायको, मी तिला मामी म्हणायचे, मला बसायला पाट घेऊन आली. मी पाटावर न बसता उभ्याने बोलले. क्षयाचे जंतू, त्यांचा प्रसार, औषधोपचारातील सातत्य, धूम्रपान वर्ज्य, सकस आहार. अगदी वर्तमानपत्रासारखं. मामींनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

“पथ्य काय गो बाय?”

“पथ्य मुळीच नाही,” मी म्हटलं.

“मासे?”

“मासे उत्तम. अंडीही द्या.”

“आंबाट? तिकाट?”

“तेही चालेल. मामी, त्यांना जे खावंसं वाटेल ते द्या. कशालाही नाही म्हणू नका.”

मामींनी पदराचा शेव तोंडाशी धरला. “कशाकच नाय म्हणू नको?”

“कशालाच नाही.”

मामींनी पाट उचलून भिंतीला लावला. मग म्हणाल्या, “बरा.”

आमच्या भागात ‘बरा’ला दहा अर्थ आहेत. कळलं, कळलं नाही, करीन, करणार नाही, तू आता जा. मला त्या वेळी त्यातला पहिला तेवढाच येत होता. मामी आत गेल्या त्या बाहेर आल्याच नाहीत. चहासुद्धा आला नाही. बाई भारावून गेली, असं मी धरून चालले.

दुसऱ्या दिवसापासून त्या घरात खाण्याची जी चंगळ सुरू झाली, ती बघून मला माझाच अभिमान वाटू लागला. मी सकाळी सुई घेऊन जायचे तर चुलीवर काहीतरी चरचरत असायचं. मामांची बहीण हरमलला दिलेली, तिचा नवरा मासेमारी करणारा. ती इसवणाच्या, म्हणजे सुरमईच्या, कापांची टोपली घेऊन आली आणि परत गेलीच नाही. मग मामांची आई गावाहून आली, आंबोळ्यांचं पीठ आणि कोंबडी घेऊन. शेजारीपाजारीही काही ना काही आणून द्यायचे, मामांच्या पायाशी बसायचे आणि फारसं न बोलता उठायचे. किती हे सहकार्य. डॉक्टरांना मी सांगितलंसुद्धा, “माझं अगदी शब्दशः ऐकतात हो ती माणसं.” डॉक्टर म्हणाले, “तुझं? नवलच.”

मामा मात्र ताटासमोर बसून शून्यात बघायचे. “मामा, भूक लागते ना?” मी विचारलं. “लागता,” ते म्हणाले, “पण गिळाक जमणा नाय.” मी त्यांना पचनक्रियेबद्दल दोन वाक्यं सांगितली. एका सकाळी मी दंडाला स्पिरिट लावत होते, तर मामी म्हणाल्या, “आता कित्याक टोचतंस गो तेका? सुखान ऱ्हवांदी.” मी म्हटलं, “उपचारांत नियमितपणा महत्त्वाचा.” मामी माझ्याकडे अशा बघत राहिल्या, जसं आपण एखाद्या दगडाकडे बघतो आणि ह्याला हलवायचं कसं असा विचार करतो.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. संध्याकाळी आमच्याकडे घरोघर धूप घालतात. मामींच्या घरी तो बंद झाला होता आणि मामांची बिडी मात्र चालू होती. मी बिडीबद्दल बोलले, तर मामी म्हणाल्या, “तू धुराचा सांगलंस, बाय. धूप आमी कदीच बंद केलो.” धूम्रपान वर्ज्य. त्या माउलीने देवापुढचा धूर बंद केला होता. एवढा मोठा इशारा मिळूनही माझं डोकं चाललं नाही. मी त्यांना धूम्रपान ह्या शब्दाची फोड करून सांगितली आणि आले.

मग एका सकाळी गेले, तर दारात जीप उभी. खाणीवरचे दोघे सोबती तिच्यात गाद्या घालत होते. ओसरीवर गाठोडी बांधून ठेवलेली. मामांना नवीन सदरा घातला होता आणि ते पाहुण्यासारखे अवघडून बसले होते.

“कुठे निघालात?”

“गावाक,” मामी म्हणाल्या. “आपल्या घरात ऱ्हवतलो.”

“आणि इंजेक्शन? तिथे कोण देणार?”

मामींनी आणखी एक गाठोडं जीपमध्ये ठेवलं. त्यांच्या गावापासून दवाखाना कुठल्या कुठे. मामा एकदा त्या जीपमध्ये बसले की उपचार संपले, आणि डॉक्टर म्हणाले होते तसा माणूस हातचा जाणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. मी जीपच्या दारात जाऊन उभी राहिले. “तुम्ही त्यांना मारायला नेताय,” मी म्हटलं.

तेव्हा मामी पहिल्यांदा माझ्यावर चिडल्या.

“आमी मारतंव? तूच सांगलंस मा, तेका जा होया ता दिया, कशाक नाय म्हणू नको? तेच्याच समोर सांगलंस. आता इल्या-गेल्याक भेटयला, पोट भरान खाव घातला, आणखी काय करूचा आमी?”

मला काहीच समजेना. मामांची आई जोत्यावर बसली होती, ती शांतपणे म्हणाली, “बाय, हेच्या बापाशीक वैद्यान पथ्य धरल्यान तवसर आमका आशा होती. एक दिवस वैद्य म्हणालो, आता तेका जा होया ता खाव दी. आणि त्याच आठवड्यात घोव माजो गेलो.”

हे वाक्य मला अनोळखी होतं म्हणावं, तर तेही नाही. माझ्या आजोबांच्या शेवटी आमच्या घरीही वैद्य हेच बोलून गेला होता. त्या दिवशी आजीने डोळे पुसत मोरी मासळी तळली, आजोबांनी ती नुसती चाखली आणि उरलेली मी खाल्ली. अजून चव आठवते. ज्या घरात मी वाढले त्या घराची भाषा मी विसरले होते, आणि पणजीहून आणलेली भाषा इथे कोणाला नको होती. खळ घातलेल्या साडीत मध्ये कुठेतरी मी लोंबकळत होते.

तरी खोड जात नाही. मी पुन्हा सुरू केलं, “हे पाहा, हा आजार पूर्णतः बरा होऊ शकतो.” जीपवाल्याने दोरी आवळली. “प्रथिनयुक्त आहारामुळे,” मी म्हटलं, आणि त्याने दुसरी गाठ मारली. मग माझ्या तोंडातून थेट चोपडे बाहेर पडलं. आमची बोली आणि त्यांची, फरक बोटभरही नाही.

“अरे मेल्यांनो, तो जगतलो म्हणान खाव सांगलंय मिया. मरतलो म्हणान न्हय. तेच्या हाडांका मास नाय, सुई मारूची खंय मी? खावन अंगाक लागात, मगे औषध लागात. आयकतास?”

सगळे थांबले. मामींनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. “तुका आमच्यासारा बोलूक येता?”

“येता.”

“मगे इतके दिवस खंय ठेयललंस?”

जीपवाले हसले. मला वाटलं, जिंकलं. पण म्हातारी हलली नाही. ती मान हलवत म्हणाली, “आता तू तसाच म्हणतलंस. आमका बरा वाटूचा म्हणान. तो जगूचो आसता, तर तू पथ्य सांगलं असतंस. जगतल्या माणसाक पथ्य असता.”

आणि मला आत शिरायचं दार दिसलं. एवढंच होतं. ह्या घरात आशा पथ्यावर मोजतात. मी पाट ओढला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यावर बसले. साडी कडाकड वाजली.

“पथ्य आसा,” मी म्हटलं. “कडक आसा. तुमका झेपात काय नाय म्हणान सांगूक नाय.”

म्हातारी पुढे सरकली. “सांग.”

“बिडी बंद. आज, आताच. फेणीक हात लावूचो नाय. सकाळची सुई चुकली, तर पथ्य मोडला. गोळी चुकली, तर पथ्य मोडला. बरा वाटाक लागला म्हणान गोळी सोडली, तर सगळ्यात मोठा पथ्य मोडला. उपाशी ऱ्हवलो, तरी मोडला.”

हे सगळं डॉक्टरांचंच होतं. मी फक्त दुसऱ्या ताटात वाढलं. म्हातारी प्रत्येक गोष्टीला हुंकार देत होती, पण अजून समाधान झालेलं नव्हतं. “आणि खावच्यात?” तिने विचारलं. “खावच्यात काय बंद?”

आता आली का पंचाईत. डॉक्टरांनी खाण्यात काहीच बंद केलं नव्हतं. काही बंद नाही म्हणाले, तर जीप निघणार. मासे बंद म्हटलं, तर माणूस खाणार काय? माझी नजर कोपऱ्यातल्या टोपलीत गेली. शेजारणीच्या मळ्यातून आलेली जांभळी, टपोरी वांगी.

“वांगा,” मी म्हटलं. “औषध पुरा होयसर वांग्याक हात लावूचो नाय.”

म्हातारीने डोळे मिटले आणि इतका लांब श्वास सोडला, की मला वाटलं आता हिलाच काही होतंय. “वांगा,” ती म्हणाली. “माका वाटलाच.” मग उठली, जीपपाशी गेली आणि सोबत्यांना म्हणाली, “गाद्यो भायर काढा रे. पथ्य आसा तेका.”

पथ्य आसा तेका. मुलगा झाला, असं सांगावं तसं तिने ते सांगितलं. हरमलची बहीण रडू लागली. मामींनी मला चहा आणि पाव आणून दिला. पेल्यातला तो चहा मी इतका घाईने प्याले की जीभ पोळली. आणि त्या दिवसापुरती ती गप्पही राहिली.

डॉक्टरांना सांगितलं, तेव्हा त्यांनी चष्मा काढला. “वांग्याने क्षय वाढतो, हे पणजीला शिकवतात?”

“नाही. पण वांगं बंद केल्याने माणूस इंजेक्शन घेतो, हे सर्वणात शिकवतात.”

ते चष्मा पुसत राहिले. मला वाटलं, नोकरी गेली. मग म्हणाले, “त्या पलीकडच्या वाड्यावरच्या पेशंटलाही काहीतरी बंद कर. तोही गोळ्या सोडतोय.”

मी त्यालाही वांगंच सांगितलं. तिथे मात्र चुकलं. महिना-दीड महिन्यात त्या अख्ख्या भागात पसरलं की क्षय वांग्याने होतो. एक दिवस मळेवाली उपकेंद्रात आली, टोपली धाडकन मेजावर ठेवली आणि म्हणाली, “नर्सबाय, माज्या वांग्यांनी तुजा काय घोडा मारला?” तिला काय सांगणार. दोन किलो वांगी मी स्वतः घेतली, चारचौघांत घेतली आणि आठवडाभर खाल्ली. पुढच्या पेशंटपासून माझं पथ्य बिडी, दारू आणि चुकलेली गोळी एवढ्यावरच ठेवलं. पण आवाज तोच ठेवला, वैद्याचा. कडक आसा, तुमका झेपात काय, असा.

आणखी एक सवय मला तेव्हा लागली, ती निवृत्त होईपर्यंत सुटली नाही. कोणालाही काही सांगून झालं, की मी ‘कळलं ना’ विचारत नसे. त्याचं उत्तर ‘बरा’च असतं. मी विचारायचे, “आता घरी जावन सासूक काय सांगतलंस?” मग बाई सांगायला लागली की कळायचं, आपण काय बोललो आणि तिथे काय पोचलं. कधी कधी माझं बोलणं इतकं वेगळं होऊन परत यायचं, की मी हसून खाटेवर बसायचे. मग पुन्हा सुरुवात. नर्सिंगच्या त्या बाई म्हणाल्या, ह्याला आता पुस्तकात नाव आहे. असेल. आम्ही त्याला सासूची परीक्षा म्हणायचो.

मामांचं अंग हळूहळू भरलं. इंजेक्शनं संपली, गोळ्या राहिल्या. बरं वाटू लागल्यावर एकदा त्यांनी गोळ्या सोडायचं मनात आणलं होतं. म्हातारीने गावाहून निरोप धाडला, “पथ्य मोडशीत तर माजा मेलेला तोंड बघशीत.” ह्यापुढे माझं काय कौशल्य. मामा पुन्हा ट्रकवर चढले. शेवटची तपासणी डिचोलीला झाली, डॉक्टर म्हणाले सगळं स्वच्छ आहे, आणि संध्याकाळी मला त्यांच्या घरी बोलावणं आलं.

म्हातारी मुद्दाम आली होती. मधोमध पाट, रांगोळी, आणि पाटापुढे ताटात भरलेली वांगी, खोबऱ्याच्या वाटपात माखलेली. “तू धरलंस, आता तूच सोड,” म्हातारी म्हणाली. पथ्य सोडण्याचा विधी पणजीला कोणी शिकवला नव्हता. मी आपली गंभीर चेहरा करून एक वांगं उचललं, मामांच्या पानात ठेवलं आणि म्हटलं, “आजपासून वांगा चलात.” मामींनी हात जोडले. आधी देवाला, मग मला, मग वांग्याला.

मामांनी एक घास घेतला. बराच वेळ चावत राहिले. सगळ्या बायका त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांनी कसाबसा तो गिळला, वर पाणी प्याले आणि माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले,

“बाय, माका वांगा लहानपणापासून आवडणा नाय. ह्यो बायलो आयकणत नाय, दर सोमवारी करतत. तू बंद केलंस, तेव्हाच मिया म्हटलंय, ह्या चेडवाचा आयकाक होया.” मग त्यांनी ताटाकडे बघितलं आणि आवाज आणखी खाली आणला. “आणखी थोडे दिवस वाडवूक येत नाय?”